पोटरीचा घेर

रात्रपाळी. हाडांचा वॉर्ड, पुरुष.
खाटा चाळीस, पेशंट एक्कावन्न,
आणि आम्ही दोघी :
एक मी, दुसरी ड्यूटी-चार्टवर.
किती पेशंटांमागे किती सिस्टर, ते परिपत्रकात आहे.
परिपत्रक फाईलीत, फाईल कपाटात,
किल्ली मेट्रनबाईंच्या कमरेला,
मेट्रनबाई गडहिंग्लजला, भाचीच्या लग्नाला.

अकरा नंबर. केरबा वस्ताद, वय अठ्ठ्याहत्तर.
गंगावेशीच्या मातीत भल्याभल्यांना अस्मान दाखवलं
आणि स्वतः पडले कुठं, तर मोरीत.
डावा खुबा मोडला.
ऑपरेशन पाच दिवस खोळंबलंय, कारण
आधारवर चौगले, रेशनकार्डावर चौगुले,
आणि योजनेच्या संगणकाला ही दोन माणसं वाटतात.
एवढ्याशा उकारानं चीत केलंय वस्तादांना.

त्यांचा पठ्ठ्या रोज रात्री येतो, हमजा मुल्ला,
कान मोडलेला, मान रांजणासारखी,
खिशात तिळाच्या तेलाची बाटली.
पहिल्या दिवशी मी बाटली काढून घेतली होती.
मग वस्ताद रात्रभर जागे. गोळी देऊनही जागे.
छताकडं बघत राहिले, जसा काही तिथं कुणी शड्डू ठोकतोय.

आम्हाला शिकवायला सुवार्ता आवळे मॅडम होत्या.
फळ्यावर गोल काढायच्या, मधोमध रुग्ण,
भोवती डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ, बाणच बाण.
खडू ठेवून एकदा म्हणाल्या,
तेल म्हणजे औषध नव्हे, पोरींनो,
पण हात म्हणजे काहीच नाही असंही समजू नका.
हे परीक्षेत आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाटली परत दिली.
तळवे चोळ, तळहात चोळ. मोडलेल्या पायाला शिवायचं नाही,
आणि पोटरीला तर कुठल्याच नाही.
का, हे सांगितलं : आत रक्ताची गुठळी असली
आणि सुटून वर गेली तर.
त्यानं कान धरला. मोडलेलाच.

आज सव्वादोनला तो टेबलाशी येऊन उभा.
हात तेलकट, म्हणून दार कोपरानं लोटलेलं.
“सिस्टर, धड पायाचा घोटा काल असा न्हवता.
ऊन लागतोय. मी दाबलं न्हाई हां.”

टेप काढली.
डावी पोटरी बत्तीस. उजवी, धड म्हटलेली, छत्तीस.
पुन्हा मोजली. छत्तीसच.

मग बाण फळ्यावरून खाली उतरले :
डॉ. वानखडे एका चपलेत धावत आले,
इर्शादनं ट्रॉली आणली, जिचं एक चाक रुसलेलं असतं,
इंजेक्शन वॉर्डात नव्हतं, मागणीपत्र सोमवारी,
म्हणून बायजाक्का आयसीयूत गेली
आणि शेजारणीकडनं वाटीभर साखर आणावी
तसं उसनं घेऊन आली.
हमजानं वस्तादांना उचललं, एकट्यानं,
पाय जराही न हलवता.
एवढी ताकद आणि एवढं जपून,
हे आमच्या प्रात्यक्षिकात कुणाला जमलं नव्हतं.

पहाटे फॉर्म भरायला बसले.
प्रथम कोणाच्या लक्षात आले?
डॉक्टर. परिचारिका. इतर.
इतरच्या पुढं जागा बोटभर.
नाव लिहिलं. कागदाला तेल लागलेलं, पेन घसरत होतं,
मुल्लातला ल दोनदा गिरवला.
उकार, वेलांट्या तपासून घेतल्या.

आठला क्लार्क म्हणाला, हे कोण? पद काय?
मी हिशेबाची भाषा शोधत होते तोवर
फरशी पुसता पुसता बायजाक्का म्हणाली,
“आमच्यातलाच हाय की त्यो.”

सोनोग्राफीला नेताना वस्तादांनी डोळे उघडले.
गुठळीचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं अजून.
हमजाकडं बघून म्हणाले,
“जोर काढलास का रं आज?”
न्हाई, म्हणाला तो. खाली मान घालून,
चोरी पकडल्यासारखा.